सेप्सिसमध्यें रक्त काय सांगतें?

इ. स. १८४२-४३ च्या हिवाळ्यांत जर्मनींतील व्यूर्ट्सबुर्ग येथें सूतिकाज्वरानें एकामागून एक स्त्रिया दगावत होत्या. तेथील ज्यूलिअस रुग्णालयांत योहान योसेफ शेरर नांवाचा एक रसायनज्ञ वैद्य होता. त्यानें यांपैकीं कांहीं स्त्रियांच्या शवांतील रक्त काढून तपासलें, तेव्हां त्यांत त्यास एक अनपेक्षित पदार्थ सांपडला. आंबलेल्या दुधांत जें आम्ल असतें, आणि जें स्वीडनमधील शेले यानें १७८० सालीं प्रथम वेगळें करून दाखविलें होतें, तेंच लॅक्टिक आम्ल या रक्तांत होतें! निरोगी रक्तांत तें नसतें, असा शेररनें निष्कर्ष काढला. तो पुढें तंतोतंत खरा ठरला नाहीं. तें निरोगी रक्तांतही अल्प प्रमाणांत असतें. पण मरणाच्या वाटेला लागलेल्या रोग्याच्या रक्तांत तें वाढतें, ही त्याची खूण मात्र पावणेदोनशें वर्षांनंतरही अतिदक्षता विभागांत दिवसांतून अनेकदां पाहिली जाते.

त्या स्त्रियांस जो विकार झाला होता त्यास आज सेप्सिस म्हणतात. हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ कुजणें असा आहे. जंतु रक्तांत शिरून तें नासवितात आणि त्या नासलेल्या रक्तानेंच मनुष्य मरतो, अशी फार काळ समजूत होती. घरोघरीं ‘अंगांत विष पसरलें’ असें जें म्हणतात, त्याच्या मुळाशींही हीच समजूत आहे. ती अगदींच खोटी नाहीं, पण अपुरी आहे. कारण सेप्सिसच्या कित्येक रोग्यांच्या रक्तांत जंतु सांपडतच नाहींत. फुप्फुसांत, मूत्रमार्गांत, आंतड्यांत किंवा एखाद्या क्षुल्लक जखमेंत ठाण मांडून बसलेला जंतु तेथूनच सर्व शरीर हालवून सोडतो. २०१६ सालीं तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें सेप्सिसची जी व्याख्या केली तींत जंतूंपेक्षां शरीराच्या वर्तनावर अधिक भर आहे. जंतुसंसर्गाचा प्रतिकार करतां करतां शरीराचें ताळतंत्र सुटलें, आणि त्यामुळें त्याचेच अवयव निकामी होऊन जीव धोक्यांत आला, म्हणजे तो सेप्सिस. २०१७ या एका वर्षांत जगांतील सुमारें ४ कोटि ८९ लक्ष लोकांस तो झाला व त्यांतील सुमारें १ कोटि १० लक्ष दगावले, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षीं मेलेल्या दर पांच माणसांमागें जवळजवळ एक सेप्सिसचा रोगी होता.

ज्या घरावर हा प्रसंग येतो तेथील मंडळींच्या हातांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं रक्ततपासणीचा एक कागद येतो. त्यावर सी. आर. पी., प्रोकॅल्सिटोनिन, लॅक्टेट अशीं अनोळखी नांवें आणि त्यांपुढें ठळक अक्षरांत छापलेले आंकडे असतात. आंकडा वाढला कीं घरांत रडारड, आणि उतरला कीं देवापुढें साखर! डॉक्टर मात्र त्याच कागदाकडे पाहून कधीं वाढलेल्या आंकड्यानें विचलित होत नाहींत, तर कधीं उतरलेल्या आंकड्यावर विसंबत नाहींत. याचें कारण समजण्यासाठीं हे पदार्थ रक्तांत येतात कोठून हें पाहिलें पाहिजे.

जंतु शरीरांत शिरला कीं त्याची वर्दी प्रथम ऊतकांतील पहारेकरी पेशींस लागते. त्या पेशी रक्तांत कांहीं निरोप्ये सोडतात. त्यांपैकीं इंटरल्युकिन-सहा हें एक. या निरोपानें ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरूं लागतो, आणि पांढऱ्या पेशी लढाईच्या जागेकडे धांवतात. यासच दाह म्हणतात. तो आहे म्हणून माणसें जखमांतून वांचतात. एरव्हीं बोटाला लागलेला काटाही प्राणघातक ठरता.

पांढऱ्या पेशींची लढण्याची रीत मोठी विलक्षण आहे. जंतूस गिळतांच त्या एकाएकीं नेहमींच्या कितीतरी पट प्राणवायु ओढून घेतात. हा प्रकार १९३३ सालींच नजरेस आला होता. परंतु त्या एवढ्या प्राणवायूचें करतात काय, हें कोडें पुढें चाळीस वर्षें सुटलें नव्हतें. १९६९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत मॅक्कॉर्ड आणि फ्रिडोविच यांनीं असा शोध लाविला कीं, सुपरऑक्साइड नांवाच्या प्राणवायूच्या एका अत्यंत तापट रूपाचा नाश करणारें एक विकर शरीरांत असतें. आतां, ज्या पदार्थाचा नाश करण्याची तजवीज शरीरानें करून ठेविली आहे तो पदार्थ शरीरांत उत्पन्न होत असलाच पाहिजे. १९७३ सालीं बाबिओर व त्याच्या सहकाऱ्यांनीं पांढऱ्या पेशी हेंच सुपरऑक्साइड शस्त्रासारखें बनवितात असें दाखवून दिलें. त्यापासून पुढें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें, आणि त्यापासून एका हिरवट रंगाच्या विकराच्या साहाय्यानें हायपोक्लोरस आम्ल तयार होतें. पुवाला जी हिरवट छटा असते ती याच विकराची. आणि हायपोक्लोरस आम्ल म्हणजे तरी काय? ब्लीचिंग पावडर पाण्यांत कालविली असतां जंतु मारण्याचें काम करणारा जो पदार्थ, तोच हा. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत सेमेलवाइस यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें वैद्यांस हात धुवावयास लावून सूतिकाज्वराचे मृत्यु झपाट्यानें खालीं आणले. पण तेंच जंतुनाशक प्रत्येक माणसाच्या रक्तांतील पेशी हरघडी तयार करीत असतात, याची त्या बिचाऱ्यास कल्पना असणें शक्य नव्हतें.

हें शस्त्र किती आवश्यक आहे हें ज्यांच्या पेशींस तें जन्मतःच बनवितां येत नाहीं अशा मुलांवरून समजतें. त्यांस वारंवार गळवें होतात, फुप्फुसें सुजतात, आणि साध्या बुरशीनेंही त्यांचा जीव धोक्यांत येतो. पण शस्त्राला आपपर कळत नाहीं. लढाई एका जागीं असते तोंवर ठीक. ती सर्व शरीरभर पसरली म्हणजे सुक्याबरोबर ओलेंही जळूं लागतें. हे तापट पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, पेशींच्या स्निग्ध आवरणांवर आणि पेशींतील ऊर्जेच्या भट्ट्यांवर तुटून पडतात. लोखंड जसें गंजतें तशा पेशी जणूं गंजतात. हा मारा शमविणारीं द्रव्यें, म्हणजे ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व, तें सुपरऑक्साइडनाशक विकर इत्यादि, शरीराजवळ असतात. पण मारा त्यांच्या आवाक्याबाहेर गेला म्हणजे त्या अवस्थेस ऑक्सिडेशनचा ताण म्हणतात. तेव्हां सेप्सिसमध्यें रक्तांत दोन तऱ्हेच्या खुणा पाहावयाच्या असतात: दाह किती पेटला आहे याच्या, आणि त्या दाहानें घर किती जळलें आहे याच्या.

दाहाच्या खुणांतील सर्वांत जुनी म्हणजे तांबड्या पेशी खालीं बसण्याचा वेग. पोलंडमधील बिएर्नात्स्की यानें १८९७ सालीं तिची दखल घेतली आणि पुढें स्वीडनमधील फोरेउस व वेस्टरग्रेन यांनीं तिला आजचें रूप दिलें. ती स्वस्त आहे, क्षयासारख्या सावकाश चालणाऱ्या रोगांत उपयोगी पडते. पण सेप्सिसच्या घाईंत तिचा विशेष उपयोग नाहीं.

सी. आर. पी. चा शोध १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयांत लागला. टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्युमोनियाच्या जंतूंतून काढलेले निरनिराळे अंश रोग्यांच्या रक्तजलाशीं मिसळून पाहात होते. त्यांपैकीं ‘सी’ नांव दिलेल्या अंशाशीं रोग ऐन भरांत असलेल्या माणसाचें रक्तजल मिसळलें कीं सांका धरे. रोगी बरा झाला कीं तेंच रक्तजल कांहींच करीत नसे. सी या अंशाशीं प्रतिक्रिया करणारें प्रथिन, एवढाच त्या नांवाचा अर्थ. हें प्रथिन यकृतांत, मुख्यतः इंटरल्युकिन-सहाच्या हुकमानें, बनतें. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवांत तें बहुधा ५ मिलिग्रॅमहून कमी असतें. मोठ्या संसर्गांत शेंकडों मिलिग्रॅमपर्यंत जातें. पण त्यांत दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, संसर्ग सुरू होऊन सहा-आठ तास लोटल्यावांचून तें ठळकपणें वाढत नाहीं, आणि त्याचा कळस होण्यास दीड-दोन दिवस लागतात. ज्या रोगांत एकेक तास मोलाचा, त्यांत हें म्हणजे वरातीमागून घोडें. दुसरी उणीव अशी कीं, शस्त्रक्रिया, भाजणें, हाड मोडणें, स्वादुपिंडाची सूज, संधिवात, कशानेंही तें वाढतें. घरांत धूर दिसला म्हणजे कांहींतरी पेटलें आहे एवढें खरें. चूल पेटली आहे कीं घर, हें धूर सांगत नाहीं. शिवाय ज्याचें यकृतच थकलें आहे त्याच्या शरीरांत संसर्ग भयंकर असूनही हा आंकडा मनासारखा चढत नाहीं.

प्रोकॅल्सिटोनिनची कथा याहून निराळी आहे. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि कॅल्सिटोनिन नांवाचें एक संप्रेरक बनविते, त्याचें हें पूर्वरूप. तें ग्रंथींतच तुटून कॅल्सिटोनिन होतें, म्हणून निरोगी रक्तांत त्याचा जवळजवळ मागमूसही नसतो. १९९३ सालीं फ्रान्समधील आसिको व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, जंतुजन्य सेप्सिस झालेल्या मुलांच्या रक्तांत तें प्रचंड वाढतें, आणि विषाणूंच्या संसर्गांत मात्र फारसें वाढत नाहीं. पुढें असें दिसलें कीं, सेप्सिसमध्यें केवळ थायरॉइडच नव्हे, तर यकृत, फुप्फुसें, चरबी असे नाना अवयव तें बनवूं लागतात. तें तीन-चार तासांत वाढूं लागतें, आणि जंतु आटोक्यांत आले कीं सुमारें दर दिवसास निम्मे होत जातें. सी. आर. पी. पेक्षां ही साक्ष लवकरची व अधिक नेमकी खरी. पण निर्णायक नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मूत्रपिंडें बिघडल्यासही तें वाढतें, आणि गळवासारख्या एकाच जागीं कोंडलेल्या संसर्गांत तें खालींच राहातें. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, जंतुनाशक औषध सुरू करावें कीं नाहीं याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिनच्या आंकड्यावर टाकूं नये. २००६ सालीं कॅनडा व अमेरिका येथील रोग्यांच्या एका अभ्यासांत असें आढळलें होतें कीं, रक्तदाब कोसळल्यावर योग्य औषधास जितके तास उशीर होई, तितक्या वेळां, पहिल्या सहा तासांत, वांचण्याचा संभव सरासरी सुमारें साडेसात टक्क्यांनीं घटे. रिपोर्टाची वाट पाहात बसणें येथें परवडत नाहीं.

मग या चाचणीचा उपयोग कोठें? औषध थांबवावें केव्हां, हें ठरविण्यांत! आणि हा उपयोग लहान मानूं नये. गरजेहून अधिक दिवस दिलेलें प्रत्येक जंतुनाशक औषध जंतूंना त्या औषधास न जुमानण्याचें शिक्षणच देत असतें, आणि असे शिकलेले जंतु भारतांतील मोठ्या रुग्णालयांस पुरेपूर परिचित आहेत. नेदर्लंड्समधील पंधरा रुग्णालयांतील एका प्रयोगांत असा नियम ठेविला होता कीं, प्रोकॅल्सिटोनिन आपल्या कळसापासून ८० टक्के उतरलें, किंवा अर्ध्या मायक्रोग्रॅमखालीं आलें, म्हणजे औषध थांबविण्याचा सल्ला द्यावा. २०१६ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. औषधाचे दिवस सातांवरून पांचांवर आले, आणि मृत्यु वाढण्याऐवजीं कमीच दिसले. ब्रिटनमधील ४१ अतिदक्षता विभागांत २७६० रोग्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२४ अखेर आला. त्यांतही प्रोकॅल्सिटोनिन रोज पाहून औषधाचा काळ सुमारें एक दिवसानें आटोपला, सी. आर. पी. पाहून मात्र कांहींच फरक पडला नाहीं. एक दिवस म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. पण लक्षावधि रोग्यांचा एकेक दिवस मोजला म्हणजे तो लहान राहात नाहीं.

येथें घरच्या मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका आंकड्यावरून सेप्सिसची होत नाहीं. कालचा आंकडा, आजचा आंकडा आणि त्यांतील चढ किंवा उतार, यांवर डॉक्टरांची नजर असते. तीनशेंवरून दोनशेंवर आलेला रोगी कदाचित् सुधारणेच्या वाटेवर असेल, आणि चाळीसवरून ऐंशींवर गेलेला धोक्याच्या.

आतां शेररच्या त्या आम्लाकडे पुन्हां वळावें. पेशींस प्राणवायु पुरला नाहीं म्हणजे साखरेचें ज्वलन अर्धवट होऊन लॅक्टेट सांचतें, असें फार दिवस शिकविलें गेलें. तें खरेंच आहे. पण सेप्सिसमध्यें ॲड्रिनॅलिनच्या जोरावर पेशी भराभर साखर फोडतात म्हणूनही तें वाढतें, आणि यकृत त्याचा निचरा करण्यांत कमी पडतें म्हणूनही. कारण कोणतेंही असो, वाढलेलें लॅक्टेट ही धोक्याची खूण होय. पुरेसा द्रव देऊनही रक्तदाब औषधानेंच टिकवावा लागत असेल, आणि लॅक्टेट दर लिटरास दोन मिलिमोलहून अधिक राहात असेल, तर तो सेप्सिसचा आघात समजावा, आणि अशा रोग्यांपैकीं शेंकडा चाळीसांहून अधिक दगावतात, असें २०१६ च्या त्याच मंडळानें नमूद केलें. तथापि या आंकड्याच्याही आहारीं जाण्यांत अर्थ नाहीं, याचा एक मौजेचा पुरावा दक्षिण अमेरिकेंतून आला. तेथील पांच देशांतील २८ अतिदक्षता विभागांत ४२४ रोग्यांचे दोन गट केले. एकांत लॅक्टेट मोजून उपचार बेतीत. दुसऱ्यांत बोटाचें टोंक दाबून तें पांढरें पडल्यावर पुन्हां लाल व्हावयास किती सेकंद लागतात, एवढेंच पाहात. २०१९ सालीं निकाल लागला तेव्हां २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटांतील ४३.४ टक्के, तर बोट दाबून पाहिलेल्या गटांतील ३४.९ टक्के रोगी मरण पावले होते. हा फरक योगायोगाचा नव्हे असें गणितानें निश्चित म्हणतां आलें नाहीं. पण ज्या परीक्षेस एका पैशाचाही खर्च नाहीं ती यंत्राहून हिणकस ठरली नाहीं, एवढें तरी सिद्ध झालें.

राहिल्या घर किती जळलें याच्या खुणा. या मात्र त्या कागदावर कोठेंही आढळत नाहींत, आणि त्यास सबळ कारणें आहेत. सुपरऑक्साइडसारखा पदार्थ क्षणाच्याही लहानशा अंशांत नाहींसा होतो. तो रक्तांत मोजणें म्हणजे विजेचा लखलखाट मुठींत धरणें होय. म्हणून त्यानें मागें ठेविलेली राख मोजतात. पेशींतील स्निग्ध पदार्थ ऑक्सिडेशननें तुटले कीं मॅलनडायअल्डिहाइड नांवाचा तुकडा उरतो; तो एका विशिष्ट आम्लाशीं उकळला असतां गुलाबी रंग येतो, व त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढतात. सेप्सिसनें दगावलेल्यांच्या रक्तांत तो वांचलेल्यांहून अधिक असल्याचें अनेक अभ्यासकांस आढळलें आहे. पण तोच गुलाबी रंग दुसऱ्याही पदार्थांनीं येतो, आणि नळींत घेतलेलें रक्त नुसतें ठेवलें तरी त्यांतील स्निग्धांश हवेनें खराब होऊं लागतात. प्रतिकारक द्रव्यांची एकूण बेरीज मोजावी म्हटलें तर आणखीच गोंधळ. अत्यवस्थ रोग्यांत ती कमी यावी अशी अपेक्षा. कित्येकदां ती जास्तच येते! कारण मूत्रपिंडें बंद पडलीं कीं यूरिक आम्ल सांचतें, आणि यूरिक आम्ल हें स्वतः ऑक्सिडेशनचें एक प्रतिकारक आहे. तेव्हां वाढलेला आंकडा येथें सामर्थ्याचा नसून मूत्रपिंडांच्या असहायतेचा असतो.

राख दिसते तर पाणी ओता, असें कोणासही वाटेल. सेप्सिसच्या रोग्यांच्या रक्तांत क जीवनसत्त्व फार कमी असतें, हें ठाऊक होतें. म्हणून तें शिरेंतून भरपूर द्यावें अशी २०१७ नंतर जगभर एक लाटच आली. ती ओसरली ती २०२२ सालीं कॅनडाच्या पुढाकारानें झालेल्या प्रयोगाचा निकाल लागल्यावर. आठशेंहून अधिक रोग्यांपैकीं ज्यांस क जीवनसत्त्व दिलें त्यांच्यांतील ४४.५ टक्के अठ्ठाविसाव्या दिवशीं एक तर मेलेले होते, नाहीं तर त्यांचे अवयव अद्याप यंत्रांच्या वा औषधांच्या आधारावर होते. ज्यांस त्याऐवजीं औषधविरहित द्रव दिला त्यांच्यांत हेंच प्रमाण ३८.५ टक्के होतें. सेलेनियमनेंही त्यापूर्वीं जर्मनींतील प्रयोगांत निराशाच केली होती. रक्तांतील खूण खरी असली तरी ती पुसून टाकली म्हणजे रोग जातोच असें नाहीं. आणि जंतु मारण्याकरितां पेटविलेली आग वेळेआधींच विझविण्यांतही धोका असावा.

या साऱ्या चाचण्या जेथें पोहोंचत नाहींत अशीं गांवें महाराष्ट्रांतही आहेत. १९९० नंतरच्या दशकांत गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतल्याच थोड्याशा शिकलेल्या स्त्रियांस नवजात अर्भकांतील सेप्सिस ओळखावयास शिकविलें. मूल दूध ओढेनासें झालें, रडणें क्षीण झालें, हातपाय लुळे पडले, अंग तापलें किंवा गार पडलें, छाती आंत ओढली जाऊं लागली, पोट फुगलें, अशा खुणा जोडून पाहावयाच्या, आणि आईबाप रुग्णालयांत जावयास राजी नसतील तर घरींच जेंटामायसिनचें इंजेक्शन द्यावयाचें. रक्ताचा थेंबही तपासला जात नव्हता. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, या उपचारांपूर्वीं सेप्सिस झालेल्या अर्भकांपैकीं १६.६ टक्के दगावत; या आरोग्यदूतांनीं उपचार केलेल्यांपैकीं २.८ टक्के दगावलीं. मोठ्या माणसांच्या बाबतींतही घरच्यांस दिसणाऱ्या खुणा याच जातीच्या आहेत: श्वास जलद होणें, बोलण्यांत असंबद्धपणा येणें, लघवी जवळजवळ बंद होणें, हातपाय गार व निळसर पडणें. शेररनें जें आम्ल शवाच्या रक्तांत शोधलें तें त्या वेळीं रोग्याच्या रक्तांत वाढूं लागलेलें असतें. तें मोजण्याचें काम रुग्णालयाचें, आणि तेथवर रोग्यास त्याच तासाला पोहोंचविण्याचें घरच्यांचें.